पिशवी घेऊन मालवण

मालवणच्या एस. टी. स्टँडवर मी उतरते तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या असतात, एक भरलेली आणि एक घडी घातलेली. भरलेल्या पिशवीत सोलापूरची शेंगाचटणी, कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि मंगळवेढ्याकडची दोन किलो ज्वारी. घडी घातलेली पिशवी परतीची. १९९४ ते १९९७ अशी तीन वर्षं मी मालवणात बँकेच्या नोकरीत होते. त्यानंतर बहुतेक दरवर्षी एकदा जाते, गाडी न करता चालत फिरते आणि त्याच पेठेत खरेदी करते.

बदलीचा हुकूम आला तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण व्हायची होती. सोलापूर ते कोल्हापूर, तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, आणि मग मालवण. सगळा प्रवास एस. टी.चा, आणि जून महिना. देऊळवाड्यात एका घराची पडवीकडची खोली भाड्याने मिळाली. घरमालकीण पन्नाशी ओलांडलेली होती, तिला मी काकी म्हणू लागले. पहिल्या सोमवारी ती मला आठवडा बाजारात घेऊन गेली. माझ्या हातात सामानाची यादी होती. ती तिने घेतली, नीट घडी करून माझ्याच पर्समध्ये परत ठेवली आणि म्हणाली, "आदी वास घे, मगे भाव इचार." त्या दिवशी आम्ही दोन तास चाललो आणि चारच वस्तू घेतल्या. मालवण मला त्या चार वस्तूंनी शिकवलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आता मालवणला येणारे बहुतेक लोक थेट बंदर जेटीवर गाडी लावतात, होडीने किल्ला पाहतात, माशांचं ताट जेवतात आणि तारकर्लीला निघून जातात. खरेदी होते ती परतीच्या रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात, जिथे कोकम, काजू, आंबापोळी, मसाला सगळं एकाच फळीवर, एकाच कंपनीच्या पाकिटांत मिळतं. मला त्याचं वाईट वाटतं. मालवण हे चालण्याचं शहर आहे. स्टँडपासून बंदरापर्यंत रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्या एवढ्याशा वाटेवर जे आहे ते मोटारीच्या काचेतून दिसत नाही, आणि नाकाला तर मुळीच कळत नाही.

सकाळी सात-साडेसातला निघावं. जमलं तर सोमवार धरावा. स्टँडवरून भरडावर यावं आणि तिथून पेठेकडे वळावं. जुनी घरं चिऱ्याची. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना तो बराच मऊ असतो, हवेत राहिला की टणक होतो. वर मंगळुरी कौलं. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ही कौलं समुद्रमार्गे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. पेठेत काही दुकानांना अजून शटर नाही, लाकडी फळ्यांची दारं आहेत. दुकान उघडताना दुकानदार एकेक फळी खाचेतून काढून भिंतीला टेकवून ठेवतो. त्या फळ्यांचा आवाज म्हणजे माझ्यासाठी मालवणची सकाळ.

सोमवारी चौके, कट्टा, आचरा, कुंभारमाठ अशा आसपासच्या गावांतून बायका टोपल्या घेऊन येतात. तांबडी भाजी, वालीच्या शेंगा, अळू, सुरण, दिवस असतील तर ओले काजूगर. तराजू कमीच, बरंचसं वाट्यावर विकलं जातं. वाटा म्हणजे मांडून ठेवलेली छोटी रास. घासाघीस किमतीवर फारशी होत नाही, पैसे देऊन झाल्यावर वर दोन शेंगा जास्त टाकून घेण्यावर होते. बुरूडकामाचं सामान घ्यायचं असेल तर हाच दिवस. माझ्या सोलापूरच्या स्वयंपाकघरात तांदूळ धुवायची रोवळी मालवणच्या बाजारातली आहे. दर चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, पण त्यात धुतलेल्या तांदळाचं पाणी जसं निथळतं तसं स्टीलच्या चाळणीतून निथळत नाही.

न्याहारी पेठेतच करावी. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी मिळाली तर उत्तम, नाहीतर वडा-उसळ. मग खाजाच्या दुकानापाशी थांबावं. मालवणी खाजा म्हणजे बेसनाच्या जाडसर कांड्या तळून गुळाच्या पाकात घोळवतात, पाकात आलं असतं. इथल्या जत्रा खाजाशिवाय होत नाहीत. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला तर खाजाचे डोंगर लागतात. खाजा ताजा असेल तर गूळ दाताला चिकटत नाही आणि आल्याचा वास आधी येतो. तोच खटखटे लाडूंचा नियम. ते शेवेचे आणि गुळाचे, चांगले कडक असतात. गोड घ्यायचं ते इथेच, छोट्या दुकानातून घ्यावं. मी कमीच घेते, कारण पुढची दोन दुकानं पिशवीतली जागा खातात.

पहिलं दुकान मसाल्याचं.

मालवणी मसाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. काकीने मला पहिल्यांदा मसाला करायला बसवलं ते एप्रिलच्या अखेरीस, अंगणात. पाऊस पडायच्या आत वर्षाचा मसाला झालाच पाहिजे, नाहीतर मिरचीत ओल शिरते. समोर सुपांत एकेक जिन्नस मांडलेला. रंगासाठी बेडगी मिरची, तिखटपणासाठी संकेश्वरी. धणे, बडीशेप, खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, चक्रीफूल, नागकेशर, मसाला वेलची, जायफळ, दगडफूल, हळद, हिंग. मी विचारलं, यातलं मालवणचं काय? काकीने मिरी, दालचिनी आणि जायफळ बाजूला केलं. ते कोकणातल्या बागांमध्ये होतं. बाकीचं बाहेरून येतं, मिरच्या घाटावरून. बेडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यातलं. माझ्या सोलापूरच्या घरी ज्या मिरच्या यायच्या त्याच इथे भाजल्या जात होत्या, फक्त भाजण्याची रीत निराळी. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, धण्यांचा रंग बदलू लागला की उतरायचा, खसखस सगळ्यात शेवटी. दगडफूल खरं तर फूल नव्हेच, खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारी ती बुरशी आणि शैवाल यांची जोडगोळी. तिला कच्चेपणी फारसा वास नसतो, गरम तव्यावर पडली की मातीचा आणि धुराचा वास सुटतो. मालवणी मसाल्याचा जो खोल वास आहे त्यात तिचा मोठा हात आहे.

म्हणून मसाला घेताना पाकिटावरचं चित्र पाहू नये. पेठेत जिथे घरगुती मसाला सुटा मिळतो तिथे जावं, चिमूटभर तळहातावर घ्यावा, बोटाने चोळावा आणि हुंगावा. नुसती मिरची नाकात शिरली तर धणे आणि गरम मसाला कमी आहे. आधी धण्याचा, मग दगडफुलाचा आणि मागून तिखटाचा वास आला तर घ्यावा. रंग फारच भडक लाल असेल तर मी घेत नाही. कांडपावर कुटलेला मसाला जरा भरड असतो, हाताला कळतो. दुकानदाराला कधी कुटला ते विचारावं. विचारलेलं त्यांना आवडतं.

त्याच दुकानात तिरफळं मिळतात. हिरवट-तपकिरी, तोंड उघडलेली छोटी फळं. आतलं काळं बी टाकून द्यायचं आणि टरफल ठेवायचं. बांगड्याच्या किंवा तारल्याच्या आमटीत चार-पाच तिरफळं ठेचून टाकतात. जिभेला किंचित बधिरपणा येतो आणि माशाचा उग्रपणा जातो. शंभर ग्रॅम घेतली तरी वर्ष निघतं. कुळथाचं पीठही इथेच. कुळीथ भाजून दळलेलं असतं, त्याची पिठी आणि गरम भात हे पावसाळ्यातलं जेवण. पिठाला भाजका वास हवा, कच्चा वास आला तर तो पिठीत उतरतो.

दुसरं दुकान कोकमाचं, आणि तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

कोकमाच्या फळाला इथे रातांबा म्हणतात. एप्रिल-मेमध्ये तो पिकतो, पहिला पाऊस पडला की संपतो. म्हणजे वर्षभराचा माल सहा-सात आठवड्यांत करावा लागतो, आणि तोही उन्हाच्या भरवशावर. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करतात. साल म्हणजे सोल. गराला मीठ लावून जो रस सुटतो त्यात ही सालं बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा त्याच रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. असं बरेच दिवस. प्रत्येक पुटाला साल रस पीत जाते, जाडसर आणि काळसर होते. हीच आपली आमसुलं. पुटं कमी दिली तर सोल पातळ, कागदासारखं राहतं. मधे पाऊस आला तर बुरशी धरते. मे महिन्यात देऊळवाड्यातून चालताना अंगणाअंगणांत ही लाल सालं पसरलेली असतात आणि घरातल्या कोणाचा तरी एक डोळा सतत आभाळाकडे असतो.

मिठाच्या रसाला आगळ म्हणतात. ते सोलकढीसाठी. साखरेत सालं घालून उन्हात ठेवली की अमृत कोकम होतं, ते सरबतासाठी. आणि बियांतून तेल निघतं. ते निवलं की घट्ट होतं, हाताने वळून त्याचे गोळे विकतात. पायांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. माझ्या आईच्या टाचा सोलापूरच्या उन्हाने फुटायच्या, तिला मी दरवर्षी एक गोळा न्यायचे. एका फळातून चार वस्तू, आणि टाकून द्यायला जवळजवळ काही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण मानांकनाचा शिक्का पाहून सोल ओळखता येत नाही.

ओळखायचं असं. नवं सोल जांभळट तांबडं असतं, बोटांत दाबलं तर मऊ लागतं आणि बोटाला किंचित चिकटतं. जुनं होत जातं तसं काळं आणि कडक होतं. वर मिठाचा पांढरा थर दिसला तर आपण मिठाचे पैसे देतोय. वास आंबूस गोड हवा, कुबट नको. आमटीला जुनं सोल चालतं, काही जणी मुद्दाम तेच घेतात, पण सरबताला आणि कढीला नवंच हवं. आगळ घेताना थेंबभर जिभेवर ठेवावं. खरं आगळ इतकं आंबट आणि खारट असतं की दुसरा थेंब घेववत नाही. गोडसर पाणचट लागलं तर बाटली खाली ठेवावी. रंगाची शंका असेल तर घरी आल्यावर चमचाभर आगळात चिमूटभर खायचा सोडा टाकावा. कोकमाचा नैसर्गिक रंग आम्लात लाल असतो, सोड्याने तो पालटून निळसर-हिरवट, मळकट होतो. रंग तसाच लालभडक राहिला तर बाटलीत दुसरं काहीतरी आहे. ही परीक्षा काकीने मला बँकेच्या सुट्टीच्या दिवशी मोरीत उभं राहून करून दाखवली होती.

काजूचं थोडक्यात सांगते. पाकिटावर २४० किंवा ३२० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती अख्खे गर बसतात तो हा आकडा. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. चवीत फरक नाही. घरात भाजीला किंवा वाटणाला हवे असतील तर तुकडा काजू घ्यावा, पैसे वाचतात. मोसमात गेलात तर ओले काजूगर घ्या आणि त्याच दिवशी उसळ करून खा. त्यांचा चीक हाताला लागतो, म्हणून सोललेले घ्यावेत.

पिशवी अर्धी भरली की बंदराकडे निघावं. वाटेत फोवकांडा पिंपळ लागतो. फोव म्हणजे पोहे, कांडणं म्हणजे कुटणं. पूर्वी या झाडाखाली पोहे कांडत असावेत असं नावच सांगतं. आता तिथे रिक्षा उभ्या असतात, पण पत्ता सांगताना लोक अजून पिंपळच सांगतात. आणि मग एका वळणानंतर घरं संपतात, समोर पाणी, पाण्यात तटबंदी.

सिंधुदुर्गाबद्दल लिहिलेलं भरपूर आहे, म्हणून मी तिथे फार रेंगाळत नाही. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं, १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. क्षेत्र सुमारे ४८ एकर, तट सुमारे तीन किलोमीटर. दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आत गेलात तर तीन विहिरी जरूर पाहा. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. त्यांची नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना गोड्या पाण्याची किंमत माहीत होती.

मला मात्र जेटीवर उभं राहिलं की शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवतं. १६७१ मध्ये त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना ते लिहिलं. विषय मिठाचा. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, संगमेश्वराकडचं महाग. असंच चाललं तर सगळे उदमी बारदेशाकडे वळतील आणि आपली बंदरं बसतील, तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्या पत्राचा आशय. मालवण हे नाव महालवण या शब्दावरून आलं, इथे मिठागरं होती, असं सांगतात. मीठ, नारळ, सुकी मासळी घाट चढून वर जायची आणि धान्य, मिरची, गूळ खाली यायचं. बैलांच्या पाठीवरून, मग गाड्यांतून, मग ट्रकमधून. मी बँकेत होते तेव्हा पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या खात्यांवर कोल्हापूर, बेळगाव, निपाणी हीच नावं दिवसभर फिरायची. मसाल्याच्या सुपातली बेडगी आणि माझ्या पिशवीतली ज्वारी एकाच जुन्या वाटेने खाली उतरलेली आहे. मला परकं वाटायचं थांबलं ते हे उमगल्यावर.

जेटीच्या उत्तरेला राजकोट, मेढा, पुढे रॉक गार्डन आणि चिवल्याचा किनारा. मेढ्यात जय गणेश मंदिर आहे, ते 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांनी बांधलं, ते मूळचे मालवणचेच. वेळ असेल तर तिकडे जावं. मी दक्षिणेला वळते, दांडीच्या किनाऱ्याने. वाळूतून पंधराएक मिनिटं चाललं की मोरयाचा धोंडा येतो. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले. सिंधुदुर्गाचं भूमिपूजन महाराजांनी इथे केलं असं मानतात. दिवाळी पाडव्याला ग्रामदैवत रामेश्वर आणि नारायण यांची पालखी देऊळवाड्यातून निघून शहराला फेरी घालते, या किनाऱ्याने बंदरावर आणि मग पेठेत येते. ज्यांना कोणत्या वाटेने फिरावं असा प्रश्न पडतो त्यांना मी पालखीची वाट सांगते.

जेटीच्या आसपास शंख-शिंपल्यांच्या वस्तू विकायला असतात. तिथे एक विनंती. प्रवाळ घेऊ नका, कोणी दाखवलं तरी. प्रवाळाची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि समोरच्या पाण्यात १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य आहे. त्या खडकांच्या आणि प्रवाळांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात, आणि त्या माशांवर दांडीवरची घरं चालतात.

त्या घरांशी माझी ओळख काउंटरवरून झाली. मासे विकणाऱ्या बायका दुपारी बँकेत यायच्या, लुगड्याच्या ओच्यातून नोटा काढायच्या. नोटा ओलसर, त्यांना मिठाचा आणि बांगड्याचा वास. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक नोटेनंतर हात धुवायचे. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की या बायका पै पै ठेवतात आणि पावसाळ्यात तीच काढून खातात. पासबुकांत सप्टेंबरपासून जमा, जून लागला की खर्च. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. तेव्हा जूनमध्ये मालवणला जाऊन ताजी सुरमई मागू नये. बर्फातली मिळेल, पण तिच्यासाठी एवढ्या लांब यायचं कारण नाही.

संध्याकाळी थांबता आलं तर दांडीवर मासळीचा लिलाव पाहावा. आणि रापण दिसली तर बाकी सगळं सोडून पाहावी. होडी किनाऱ्यापासून निघून अर्धचंद्राकार जाळं टाकत परत किनाऱ्याला लागते, मग जाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढत राहतात. तरणी, म्हातारी, शाळा सुटलेली पोरं. तास-दोन तास हे चालतं. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा ठरलेला असतो. मधेच येऊन दोराला हात लावणाऱ्यालाही चार बांगडे मिळतात. मी एकदा ऑफिसच्या साडीत दोर धरला होता. ते बांगडे काकीने तिरफळ घालून केले. मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी मासळी बाहेरच उचलली जाते, किनाऱ्यापर्यंत येत नाही, अशी रापणवाल्यांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. माझ्या डोळ्यांदेखत रापणी कमी झाल्या. मला ती तक्रार खरी वाटते.

सुकी मासळी सगळ्यात शेवटी घ्यावी, नाहीतर पिशवीतला खाजासुद्धा तिचाच वास घेतो. गोलमा, म्हणजे बारीक सुका जवळा, मुठीत घेऊन हळूच सोडावा. मुठीत वाळू राहिली तर तो वाळूवर वाळवलाय. सुका बांगडा दाबून पाहावा, पाठीचा कणा कडक हवा, पोटाशी ओल नको. वास तीव्र असणारच, पण तो मिठाचा आणि उन्हाचा असावा, सडका नसावा. आणि बोंबील इथून घेऊ नका. बोंबील मुंबईच्या उत्तरेचा आणि सौराष्ट्राचा, मालवणात तो बाहेरून येतो. सुका बांगडा विस्तवावर भाजून, कुस्करून, ओलं खोबरं आणि कांदा घालून किसमूर करतात. सोलापूरला माझ्या घरी ती ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. मालवणात ती भाताबरोबर असते. दोन्ही खाऊन पाहिलंय, भाकरीबरोबर ती अधिक खुलते असं मला वाटतं, आणि हे मी काकीलाही सांगितलंय.

मासळी वर्तमानपत्रात गुंडाळायची, त्यावर प्लास्टिक, त्यावर कापड. मग देऊळवाड्याकडे परत.

काकी आता नव्वदीला टेकली आहे. डोळ्यांना कमी दिसतं, बाजारात जाणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या खेपेला मी गेले ते एप्रिल संपता संपता. ओटीवर बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "इलंस गो?" आणि मी बसायच्या आत पिशवीकडे हात केला. दरवेळचा हा रिवाज आहे. मी एकेक वस्तू तिच्या हातात देते. मसाल्याची पुडी तिने सोडली, हुंगली, मान हलवली, बाजूला ठेवली. गोलमा मुठीत घेतला, सोडला, तळहात चोळून वाळू आहे का पाहिलं. खाजाचा तुकडा मोडून नातवाला दिला. सोलांची पिशवी उघडली, एक सोल काढलं, बोटांत दाबलं, नाकाशी नेलं.

"ह्यां खंयसून हाडलंस?"

मी दुकान सांगितलं.

"ह्यां गेल्या वर्साचां," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारून माळ्यावरची बरणी काढायला लावली. बरणीत नवी सोलं होती, त्या हंगामातल्या पहिल्या रातांब्यांची, अजून जांभळी. तिने दोन मुठी भरून माझ्या पिशवीत घातली आणि माझी सोलं आमटीसाठी स्वतःकडे ठेवून घेतली.

मग मी भरलेली पिशवी पुढे केली. चटणीचा डबा तिने नुसता हाताने चाचपला. ज्वारीच्या पिशवीची गाठ मात्र स्वतः सोडली. ओंजळभर दाणे काढले, नाकापाशी नेले, डोळे मिटून बराच वेळ तसेच धरले, आणि पुन्हा पिशवीत सोडले.

"बरी आसा," ती म्हणाली. "कशी किलो?"